हौसाबाईंनी तेल निम्मं केलं

मंडळी, पारनेरहून नगरला परतले आणि तडक सायबर कॅफेत येऊन बसलेय. डोकंच चालेनासं झालंय.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांच्या घरच्या बायकांना मी गावोगावी कमी तेलाचा स्वयंपाक शिकवते. आज पारनेरच्या वर्गात हौसाबाईंच्या नवऱ्याचा नवा रिपोर्ट पाहिला. आधीपेक्षा वाईट!

"अहो, घरातलं तेल निम्मं करा म्हटलं होतं ना?"

"केलं की ताई! मी कोरडी भाकरी खाती. कालवनावरची तर्री समदी ह्यांच्या ताटात. दुखनाईत मानसाला बिनतर्रीचं कसं वाढायचं?"

बाकीच्या म्हणाल्या, "व्हय, आमी बी तसंच करतो."

म्हणजे इतके महिने शिकवून मी फक्त या बायकांचा घास कोरडा केला. वर्गाकडे एकही पुरुष फिरकत नाही. सांगा, त्यांच्या ताटापर्यंत मी पोचू तरी कशी?