घर क्रमांक सत्तेचाळीस

जनगणनेच्या कामात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. एरवी त्या तिसरीच्या वर्गाला शिकवत. पण अर्जांची पिशवी खांद्याला लागली की अंगात वारं शिरावं तशा गल्ल्या पालथ्या घालत. कुत्रं अंगावर आलं तरी आधी मालकाचं वय विचारायचं आणि मग किंचाळायचं, हा त्यांचा शिरस्ता. तीन आठवड्यांत दोनशे बारा घरं उरकली. सगळ्यांच्या आधी आपलंच काम होणार, हे त्यांनी शाळेत सांगितलं, बाजारात सांगितलं आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही सांगितलं.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता त्या अर्ज क्रमाने लावायला बसल्या. पाचला कचेरी बंद. एक जरी घर राहिलं तर अख्खा गठ्ठा ‘अपूर्ण’ म्हणून परत येणार होता. पंचेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस कुठंय? बाईंना दरदरून घाम फुटला. सत्तेचाळीस म्हणजे त्या बसल्या होत्या तेच घर. आपलं काय, कधीही होईल, म्हणून पहिल्या दिवशी शेजारच्या घरापासून सुरुवात केली होती ना!

“अहो आई, पटकन बसा. चार प्रश्न आहेत.”

सासूबाईंनी भाजी निवडणं थांबवलं नाही. “मी नाही सांगणार, जा. तीन आठवडे रोज ठेवणीतले कपडे घालून वाट बघतेय. त्या कोपऱ्यावरच्या भांडखोर बाईचंसुद्धा नाव लिहून घेतलंस. आम्ही कोण, घरातलं सामान?”

“चुकलं माझं. आता काय करू सांगा.”

“लोकांकडे जातेस तशी ये. बाहेरून. दार वाजवून.”

बाई पिशवी घेऊन बाहेर गेल्या आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवलं. आतून सावकाश आवाज आला, “कोण आहे?”

“जनगणना!”

“ओळखपत्र दाखवा.”

सासूबाईंनी ओळखपत्र हात लांब करून पाहिलं, मग सुनेचं तोंड पाहिलं. “फोटो फारच जुना दिसतोय.” बाईंना हसू आवरेना. घड्याळात साडेचार झाले होते आणि त्या चौकट धरून खिदळत होत्या.

शेवटी पाहुण्यासारखं खुर्चीत बसवून, पाणी देऊन, सासूबाई समोर बसल्या. बाईंनी पेन सरसावलं. “कुटुंबप्रमुख?”

बाजूला वर्तमानपत्रामागे बसलेल्या नवऱ्याने घसा खाकरला. दोनशे बारा घरांत बाईंनी हा रकाना फारसा न विचारताच भरला होता. दिसला पुरुष की लिही त्याचं नाव.

“तूच,” सासूबाई म्हणाल्या.

“मी?”

“मग काय तो? त्याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही.”

नवऱ्याने वर्तमानपत्र आणखी वर धरलं. बाईंनी आपलं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, प्रमुखाशी नातं. नवऱ्यापुढे ‘पती’ लिहून झालं. मग त्या पुटपुटल्या, “आणि तुम्ही, सासू.”

“वा गं! हाक आई म्हणून मारायची आणि सरकारला सासू सांगायची?”

नियमाप्रमाणे सासूच लिहायला हवं होतं. बाईंना ते पाठ होतं. तरी त्यांनी रकान्यात ठळक अक्षरांत ‘आई’ लिहिलं आणि गठ्ठा छातीशी धरून कचेरीकडे धूम ठोकली.