कुलपातली पुस्तकं

नेपाळमधल्या एका खेड्यातल्या शाळेला पाठवायची पुस्तकं काल खोक्यात भरत होते. नव्या शाईचा वास नाकात गेला आणि मला आसगावचा आमचा चौथीचा वर्ग आठवला.

तेव्हा आमच्या शाळेला परदेशातून चित्रांची पुस्तकं आली होती. मुलं खराब करतील म्हणून गुरुजींनी ती कपाटात कुलपात ठेवली. एका दुपारी कुलूप उघडं दिसलं. मी हळूच एक पुस्तक काढलं आणि घाईत हत्तीचं पान फाटलं.

पुस्तकं देणारे पाहुणे दुसऱ्याच दिवशी येणार होते. म्हणून गुरुजींनी पुस्तकं तपासली आणि ते पान वर धरून विचारलं, "कोनं फाडलं हे?"

मी उभी राहिले. "मी फाडलं, गुरुजी."

"कायले घेतलं होतं?"

"मले पाहाचं होतं."

गुरुजी कपाटाकडे वळले. आता छडी बसणार, असं मला वाटलं. आज कळतं, लाज त्यांनाच वाटत होती. त्यांनी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली. "घ्या, सारे जन पाहा," एवढंच म्हणाले.

पाहुणे आले, तेव्हा आमच्या बोटांचे डाग नसलेलं एकही पुस्तक शाळेत उरलं नव्हतं.