बाविसाव्या भागातली बाटली

“मॅम, पल्लवी लाजलीय की तिला ऊन लागलंय, तेवढं आधी कन्फर्म करा,” निखिल सर फोनवर म्हणाले.

मी सांगलीत, माझ्या घरी, ओट्यापाशी कणीक मळत होते. पल्लवी ही माझी मुलगी, सून किंवा भाची नाही. ती एका चित्रकथेची नायिका आहे आणि ती लाजली की नाही हे तपासण्याचा मला पगार मिळतो.

त्याआधी वीस वर्षं मी सांगलीतल्या एका छापखान्यात दहावीच्या गाइडांची प्रुफं तपासली. छापखाना बंद पडला आणि पुण्यातल्या एका कंपनीनं मला घरबसल्या संपादक म्हणून घेतलं. त्यांचं मोबाइलवर चित्रकथा वाचायचं ॲप आहे. चित्रं जपानी मांगा पद्धतीची, म्हणजे मोठे डोळे, नावापुरतं नाक आणि लाज वाटली की गालांवर तिरक्या रेघा. गोष्टी मात्र साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांतल्या. प्रकार रोमँटिक कॉमेडी. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईला यातलं काय कळणार, असं मीच मुलाखतीत विचारलं होतं. “एक्झॅक्टली, मॅम. फ्रेश आय,” सर म्हणाले. सर एकोणतीस वर्षांचे आहेत. पद कंटेंट हेड.

या धंद्यात ‘ट्रोप’ हा शब्द उठता-बसता येतो. ट्रोप म्हणजे वाचकाला आधीपासून पाठ असलेला प्रसंगाचा साचा. फटकळ मुलगी आतून हळवी निघणार. लहानपणची मैत्रीण शेवटी हरणार. पाऊस आला की दोघांत छत्री एकच असणार. नायक मनातलं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काहीतरी मोठ्यानं वाजणार आणि नायिकेला ऐकू येणार नाही. कोणाचं कोणाशी जमणार हे पहिल्याच भागात शेंबड्या पोरालाही कळतं. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे येणार हे ठाऊक असूनही सगळे आतल्या दाराकडे बघत बसतात, तसलाच हा प्रकार. वाचकाला ठरलेलंच हवं असतं. पण त्याला वाटलं त्याच क्षणी, वाटलं त्याच पद्धतीनं दिलं की तो चिडतो. सरांना यातला पहिला निम्मा भाग फार छान कळतो.

दुसरा निम्मा मनीषाला कळतो. ही मालिका लिहिणारी आणि काढणारी मुलगी. वय सव्वीस, घर माण तालुक्यातलं, मेंढपाळांचं. शिरवळच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बोटानं चित्रं काढायची. मालिका मिळाली तशी तिनं नोकरी सोडली, शिरवळातच एक खोली घेतली आणि दिवसभर काढायला लागली.

तिचा सोळावा भाग असा संपला होता: नायक सागर उसाच्या फडाशेजारी पल्लवीला मनातलं सांगायला उभा आहे आणि लांबून ट्रॅक्टर येतोय. दोन ट्रॉल्या ऊस, वर कर्ण्यावर गाणी. वाचकांनी कमेंटमध्ये लिहूनच टाकलं की आता ट्रॅक्टर वाजणार आणि सागरचं बोलणं वाहून जाणार. सतराव्या भागात मनीषानं ट्रॅक्टरवाला शहाणा काढला. त्या दोघांना बघून तो गाणं बंद करतो, मग इंजिनही बंद करतो. सगळीकडे शांत. सागरला आता काहीच अडचण नाही, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी ट्रॅक्टरवालाच म्हणतो, “उरका की रं लवकर, कारखान्यावर नंबर लावायचाय.” ती चौकट तपासताना मी घरात एकटीच हसले.

वाचक वाढले. सर खूश झाले. आणि सर खूश झाले की यादी पाठवतात. पुढच्या भागांत कुठले ट्रोप हवेत त्याची ती यादी होती आणि बाविसाव्या भागासमोर लिहिलं होतं, ‘इनडायरेक्ट किस, मस्ट’. एकानं तोंड लावलेल्या बाटलीला दुसऱ्यानं तोंड लावलं की मांगात ते अप्रत्यक्ष चुंबन धरतात. घडत काहीच नाही, तरी दोघं कानापर्यंत लाल. “फॅमिली-फ्रेंडली आहे,” सर म्हणाले.

मनीषानं भाग काढला. अजिंक्यतारा चढताना पल्लवी पाणी पिते, बाटली सागरला देते, तो पितो, पल्लवी पुढच्या तीन चौकटी लाल. मी दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि पास केलं. सरांनीही पास केलं.

मग कमेंट आल्या. “हिला काय झालं?” “ऊन लागलं असंल.” “पित्त उठलंय.” माधवनगरच्या एका बाईंनी अंगाला आमसुलाचं पाणी लावायला सांगितलं.

वाचक कुठल्या चौकटीवर कंटाळून निघून गेला हे दाखवणारा एक आलेख कंपनीत असतो. त्याला ड्रॉप-ऑफ म्हणतात. पल्लवीच्या लाल गालांवर तो सरळ खाली उतरला होता. ओट्यापाशी आलेला फोन त्याचाच.

“ट्रोप लँड झाला नाही, मॅम. चोविसाव्याला मालिका क्लोज करू.”

क्लोज म्हणजे मनीषा परत पॅकिंगला. मी कणकेचे हात धुतले आणि भाग पुन्हा उघडला. तेव्हा कुठे मला दिसलं. पल्लवीनं मान मागं टाकून, बाटली वीतभर वर धरून धार तोंडात सोडली होती. सागरनंही तसंच. बाटलीला कुणाचे ओठ लागलेच नव्हते, तर चुंबन कुठून होणार? मनीषानं माणसं जशी पाणी पितात तशी काढली होती. मीही जन्मभर वरूनच पीत आलेय, मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. सर घोट घोट तोंड लावून पितात, त्यांना दिसायला हवं होतं. पण त्यांनी चित्र बघितलं नव्हतं, यादीवर टिक केली होती.

मी सरांना फोन करून हे सांगितलं. “सिंपल,” सर म्हणाले आणि त्यांनी मनीषाला कॉलवर घेतलं. “रीड्रॉ कर. दोघांचे ओठ बाटलीला लाव.”

“न्हाई सर. पल्लवी तशी पीत न्हाई.”

“कॅरेक्टर आहे ती. तू काढशील तशी पिईल.”

“आवं, तिला घरच्यांनी शिकीवलंय की. तोंड लावलं की बाटली उष्टी हुती. मग ती दुसऱ्याला देत न्हाईत. लय वंगाळ दिसंल.”

“उष्टी म्हणजे हायजीन इश्यू का?”

‘उष्टं’ फोनवर समजावून सांगायला मला छापखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी दोन दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरून शिरवळला गेले. मनीषाचे डोळे सुजले होते. तिनं मला खुर्ची दिली, स्वतः गादीवर बसली.

“मॅडम, परत पॅकिंगला जावं लागतंय का मला?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. खोटा धीर मला देता येत नाही. “आधी पहिल्या भागापासून सगळं बघू.”

दुपारपर्यंत आम्ही बाविसाच्या बावीस भाग बघितले. पाणी पिण्याचे प्रसंग मी वहीत टिपत गेले. कँटीन, एसटी स्टँड, ऊसतोड, पल्लवीचा भाऊ, सागरची आजी, तो शहाणा ट्रॅक्टरवालासुद्धा. एकूण एक माणूस वरून पीत होता.

“तू गेले पाच महिने वाचकाला शिकवतेयस,” मी म्हणाले, “की या गोष्टीत कुणी बाटली उष्टी करत नाही.”

“मी कुटं शिकवलं? हातानं आपसूक आलं.”

“मग आपसूक शिकवलंस.”

तिनं वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, “आन मॅडम, कुणी मुद्दाम केली तर?”

“मुद्दाम कशाला करेल कोण?”

“दुसऱ्या कुणाला द्यायची नसंल तर.”

तेविसावा भाग तिनं तिथंच माझ्यासमोर कच्चा काढला. कॉलेजचं कँटीन. सागरला ठसका लागतो. त्याची लहानपणची मैत्रीण अस्मिता, नियमाप्रमाणे हरणारी, त्याला द्यायला पल्लवीची बाटली उचलायला जाते. पल्लवी बाटली ओढून घेते, सगळ्यांदेखत तिला ओठ लावते, पिते, आणि तीच बाटली सागरपुढे धरते. गालांवर एक रेघ नाही. तोंडी एक शब्द नाही. सागर बाटलीकडे बघतोय, इथं भाग संपला.

बाविसावा तसाच ठेवून मी तेविसावा सरांना पाठवला. “ब्लश कुठाय?” त्यांनी फोनवर विचारलं.

“नाहीये.”

“डायलॉग?”

“तोही नाहीये.”

“मग रीडरला कळणार कसं?”

“कळेल, सर.”

“रिस्क तुमची हं, मॅम.”

मी हो म्हणाले. या वयात मला तिसरी नोकरी कोण देणार होतं?

भाग गेला आणि कमेंटमध्ये रणकंदन झालं. “बाटली उष्टी करून दिली पोरीनं.” “आता त्यो वरनं प्याला तर संपलं, समजा न्हाई म्हणाला.” हा नियम आम्ही केला नव्हता. वाचकांनीच केला आणि वाचकच त्यावर भांडायला लागले. साताऱ्याकडच्या एका निवृत्त फौजीनं लिहिलं, “आमी दहा जण एकाच वॉटर बॉटलला तोंड लावून प्यायलोय, त्यात काय एवढं?” त्याला बायाबापड्यांनी असं झोडपलं की त्यानं ती कमेंट काढून टाकली.

चोविसाव्या भागात सागर सवयीनं मान मागं टाकतो, बाटली वर धरतो. तीन चौकटी तो तसाच. मग हात हळूहळू खाली येतो आणि तो ओठ लावतो. बाटली रिकामी असते. आदल्या भागात पल्लवीनं रागाच्या भरात सगळं पाणी संपवलं होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सागर खोकत खोकत ती रिकामी बाटली तोंडाला लावून उभा, शेवटची चौकट.

मालिका बंद झाली नाही. सरांनी पन्नास भागांपर्यंत वाढवली. त्याच आठवड्यात मनीषाला गावाकडून आईचा फोन आला. वहिनीनं आईला सगळे भाग मोबाइलवर वाचून दाखवले होते. आई म्हणाली, “आता त्या दोघांचं लगीन लाव. उष्टी बाटली आता दुसऱ्या कुणाला देतीस व्हय?” हे मला सांगताना मनीषा रडली. मीही रडले, सरांना कळवलं नाही.

सरांनी मीटिंग घेतली. ‘आपल्या टीमनं डिस्कव्हर केलेला लोकल ट्रोप’ असं म्हणून त्यांनी ‘उष्टी बाटली’ यादीत एक नंबरला टाकली आणि सगळ्या मालिकांना सक्तीची केली. महाबळेश्वरच्या हॉटेलातली एक मालिका आहे. तिच्यात रिसेप्शनिस्टनं टॅक्सीवाल्याला बाटली उष्टी करून दिली. वाचकांना काही वाटलं नाही.

“ट्रोप लँड का होत नाहीये, मॅम?” सरांनी विचारलं.

“त्यांच्यात पहिल्या भागापासून सगळे तोंड लावूनच पितात, सर.”

“मग काय करायचं?”

“आधी बावीस भाग वरून पाणी पाजावं लागेल.”

“तेवढा टाइम नाही, मॅम,” सर म्हणाले. “सोमवारपर्यंत काही होतंय का बघा.”