आवाज यायला वेळ लागायचा

प्रसादचा फोन आला तेव्हा मी शांती नगरच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतो. "मामा, बाबा गेले," तो म्हणाला. त्यापुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही, प्रसादला आठवतं. परवाच म्हणाला, "मामा, तू सारखं विचारत होतास, कधी रे, कधी? आणि मला एकदाही सांगू दिलं नाहीस." असेल बुवा. आमचं घराणंच तसं. दोघं बोलत असले की तिसरा थांबत नाही, तो आवाज चढवतो. असल्या घरात अरविंद भावोजी, माझ्या सुमनताईचे यजमान, जावई म्हणून आले आणि त्यांची बरीचशी वाक्यं कायमची अर्धवट राहिली.

भावोजी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. राहायला गोडदेवला, दोन खोल्या. कारखान्यातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि तो चालू करून द्यायला मीच त्यांना माझ्या ओळखीच्या दुकानात नेलं. (माझ्या ओळखीचं दुकान सगळीकडे असतं. काम कुठेच होत नाही.) दुकानदार विंडोज टाकायला लागला तर भावोजींनी विचारलं, "ओरिजिनल है क्या?" तो हसला. "अंकल, सब लोग यही डालते हैं." भावोजींनी कॉम्प्युटर उचलला आणि रिक्षात ठेवला. चोरीचं नको आणि विकतचं परवडत नाही म्हणून महिनाभर पुस्तकं चाळून, कुणाकुणाला विचारून त्यांनी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं. ते फुकट मिळतं आणि उजळ माथ्याने मिळतं, हे ते पाहुण्यांनाही सांगायचे. पाहुणे ताईकडे बघायचे. त्यानंतर घरात लग्नकार्य असो की सत्यनारायण, आमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, "काय भावोजी, काय म्हणतंय तुमचं लिनक्स?" आणि उत्तर यायच्या आत आम्ही हसून मोकळे.

कारखान्याचा स्टॉकचा प्रोग्रॅम मात्र विंडोजचाच होता. तो घरच्या लिनक्सवर चालावा म्हणून त्यांनी मध्ये आणखी एक प्रोग्रॅम बसवला. वाइन त्याचं नाव. मला एकदा फार प्रेमाने समजावलं होतं, "नंदू, आमचा शेठ गुजराती, कारागीर बिहारी. शेठ ओरडतो, ते मी कारागिराला त्याच्या भाषेत सांगतो. शेठला वाटतं आपलीच माणसं, कारागिरालाही वाटतं आपलाच शेठ. हा वाइन म्हणजे मी. पण मध्ये माणूस असला की थोडा वेळ लागणारच ना…" मी म्हटलं, "भावोजी, एवढं करण्यापेक्षा सरळ विंडोज घ्या." ते गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं आम्ही नेहमी आमच्या बाजूने मोजलं.

मग घशाचा आजार निघाला. आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकलेल्या माणसाचं स्वरयंत्र काढावं लागलं. घरी आल्यावर पहिले काही दिवस ते पाटीवर लिहायचे. पण आमच्याकडे पाटी वाचायला सवड कुणाला? ते पहिला शब्द लिहितात तोवर आम्ही पुढचे चार ओळखायचो, तेही चुकीचे. प्रसादने फोनवर एक सोय करून दिली, लिहिलेलं फोन वाचून दाखवायचा. त्यातून बाईचा आवाज आला. भावोजींनी पाटीवर लिहिलं, "या आवाजात तुझ्या आईशी भांडू कसा?" ताई हसता हसता रडायला लागली. लिनक्सवरचा फुकटचा मराठी आवाजही त्यांनी ऐकला, तो पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. शेवटी अंध माणसांसाठी केलेला एक जुना मराठी प्रोग्रॅम कुठूनतरी मिळाला, रीतसर पैसे भरून. त्यात पुरुषाचा आवाज होता. जरासा कोकणी वळणाचा, वयस्कर, शांत. बनवणाऱ्यांनी तो प्रोग्रॅम केव्हाच बंद केला होता आणि तो चालायचा फक्त विंडोजवर.

पुन्हा वाइन आलं, आता एका जुन्या लॅपटॉपवर, तिथेही लिनक्सच. या वेळी बसवायला फार त्रास झाला. अक्षरं नीट उमटायची तर आवाज नाही, आवाज यायचा तर अक्षरांच्या जागी चौकोन. पण एका रविवारी आम्ही सगळे जेवायला जमलो असताना लॅपटॉपमधून आवाज आला, "आमटीत मीठ कमी आहे." ताईच्या हातातला डाव खाली पडला. वर्षभरात तिच्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं नव्हतं…

एकच गोष्ट होती. आवाज यायला वेळ लागायचा. लॅपटॉप जुना, मिटून पुन्हा उघडला की आवाज बसलेला असायचा. मग प्रोग्रॅम बंद करा, परत सुरू करा, वाट पाहा. भावोजी टाइप करून बटण दाबायचे आणि हाताचा तळवा पुढे करायचे, थांबा. आम्ही तोवर दुसऱ्या विषयावर गेलेलो असायचो. गणपतीत कुठे जायचं यावर चर्चा होऊन, भांडण होऊन, ताई रुसून झाल्यावर लॅपटॉप बोलायचा, "मला वाटतं अलिबागला जाऊ." आम्ही खूप हसायचो. तेही हसायचे, बिनआवाजाचे.

आजार उलटला. डॉक्टरांनी पुन्हा केमो सुचवली आणि आम्ही चौघं केबिनमध्ये गेलो, भावोजी, ताई, प्रसाद आणि मी. भावोजींनी घरूनच टाइप करून आणलं होतं. काय ते आम्हाला दाखवलं नाही, म्हणाले म्हणजे खुणेने म्हणाले, की तिथेच ऐका. डॉक्टरांनी विचारलं, "काका, काय ठरवलंत? सुरू करू या?" भावोजींनी लॅपटॉप उघडला. आवाज बसलेला होता. त्यांनी तळवा पुढे केला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेर पेशंटची ही गर्दी. मी मधल्या वेळात डॉक्टरांना माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं नाव सांगत होतो. प्रसाद म्हणाला, "हो सर, करू सुरू. बाबा स्ट्राँग आहेत." डॉक्टरांनी लिहिलं. आम्ही उठलो. पुढच्या पेशंटची फाइल टेबलावर आली, नवा माणूस खुर्चीत टेकलासुद्धा, आणि दारातून लॅपटॉप बोलला, "मला आता काही नको. मला माझ्या घरी राहायचं आहे."

डॉक्टर वर बघून हसले. "वा काका! आवाज छान आहे."

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघांनी त्यांना समजावलं. पेशंटला असं वाटतंच, हिंमत सोडायची नाही वगैरे वगैरे. किती सुंदर बोललो आम्ही. भावोजींनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चेन लावली. केमो झाली. ती त्यांना झेपली नाही. शेवटचे दिवस ते आय.सी.यू.मध्ये होते आणि आत लॅपटॉप न्यायला परवानगी नव्हती. गोडदेवचं घर त्यांनी परत पाहिलं नाही.

त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. जुना लॅपटॉप सुरू होत नाही. ताई मात्र धरून बसली होती की एकदा आवाज ऐकायचाय. प्रसादने मग तो प्रोग्रॅम स्वतःच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकला आणि गेल्या रविवारी घेऊन आला. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. प्रसादने टाइप केलं, बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत आवाज खोलीभर झाला, "सुमन, चहा टाक."

"बंद कर ते," ताई म्हणाली.

"का गं? तोच आवाज आहे. तोच प्रोग्रॅम."

"असेल. पण ते असे फाडकन बोलायचे नाहीत."

"आई, हे विंडोज आहे ना, इथे लगेच येतो." बोलता बोलता प्रसादचा चेहरा उतरला. "मी तेव्हाच हे घेऊन दिलं असतं तर… डॉक्टरांसमोर बाबांना वेळेवर…"

"डॉक्टरांच्या दारात पेशंट होते," ताई म्हणाली. "तुम्हाला कसली घाई होती रे?"

विचारलं तिने प्रसादला. बघत माझ्याकडे होती.