आमच्या जीपमध्ये कंप्रेसर कुठं बसवायचा?

जी वस्तू घरात आल्याआल्या आपली जागा धरते, तिचा कधी किस्सा होत नाही. पाटा आला, चुलीशेजारी बसला, संपलं! पण जिला जागाच सापडत नाही ती घरभर फिरते आणि फिरताना मागं किस्से टाकत जाते. आमच्या जीपच्या कंप्रेसरचं असंच झालं. हळदीकुंकवाला चार जणी जमल्या, की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ते हवेच्या मशीनचं सांगा ना!" एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा येतो. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, यात माझाही आता घोळ होतो. तरी जमेल तसे ओळीनं सांगते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही रोहण्याला होतो. आमचे हे आणि त्यांचे भागीदार मारोतराव यांनी मिलिटरीच्या लिलावातून एक जीप घेतली होती. मळ्यामळ्यांतून वांगी, टमाटे, मेथी उचलायची आणि बाजाराला न्यायची, हा धंदा. जीपला रस्ता लागत नसे. नाल्यातून, शेताच्या धुऱ्यावरून, कुठूनही जायची. पण बाभळीच्या काट्यापुढं तिचं काही चालेना. फेरी झाली की पंक्चर! हातपंप मारून मारून दोघांचे खांदे भरून यायचे.

त्यातच माझी नणंद, सुशी. तळेगावच्या पुढं, जंगलातल्या एका लहान गावात तिला दिलेली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पदरात काही पडलं नाही. आता पुन्हा राहिले होते. हे बाळंतपण माहेरीच करायचं, असं सासूबाईंनी ठरवलं आणि मी सोळा सोमवार धरले. पण तिला आणायची कशी? बैलगाडीत दिवसभर हिसके. जीपनं आणावी, तर भर जंगलात टायर बसणार आणि ती पोटुशी पोर उन्हात खोळंबणार. म्हणून यांनी नागपूरच्या कबाडी बाजारातून एक जुना कंप्रेसर आणला. घागरीएवढी टाकी, तिला जोडलेलं छोटं इंजिन. दोरी ओढली की फटफट सुरू, आणि नळीतून हवा!

मशीन फार चांगलं होतं. ते जीपमध्ये कुठं बसवायचं, एवढंच कुणाला कळत नव्हतं.

* * *

पहिली जागा मारोतरावांनी काढली. पुढं, बंपरवर. "राजावानी दिसते पाहा वहिनी!" मी लगेच कुंकू लावलं.

जीप आंजीच्या बाजाराला निघाली. अर्ध्या वाटेत बॉनेटमधून धूर की वाफ, काही समजेना. जाळीसमोर मशीन आडवं आलं होतं, इंजिनाला वारा लागत नव्हता, पाणी खळखळ उकळत होतं. बांधावर गवत कापणारी एक बाई विळा घेऊन बघायला आली.

"काऊन भाऊ, चहा ठेवला का?"

मारोतराव चिडले. "चहा नाई बाई! हे हवा भरायचं मशीन हाय!"

बाईनं मशीनकडं बघितलं, वाफेकडं बघितलं. "मंग गाडीलेच हवा काऊन नाई भेटून राह्यली?"

* * *

मग यांनी ठरवलं, ड्रायव्हरच्या सीटखाली. माझ्याकडून वातीचं सूत नेलं, सकाळभर मापं घेतली. सीट उचलून बघतात तर खाली पेट्रोलची टाकी!

"मंग काय झालं?" मारोतराव म्हणाले. "टाकीवरच बसवू. मशीनलेबी पेट्रोल लागतेच ना? जवळच्या जवळ!"

"हाव," हे म्हणाले, "अन् सरणाचीबी सोय जवळच्या जवळ!"

मी पोथी खाली ठेवून धावत बाहेर आले. "असं अभद्र काय बोलता! सोमवार आहे आज!"

"बरं बाप्पा," हे म्हणाले. "मंगळवारी बोलतो."

* * *

त्यानंतर मागची बाजू निघाली. तिथं स्टेपनी टांगलेली.

"स्टेपनी काढून टाकू," मारोतराव म्हणाले.

"अन् पंक्चर झालं तं?" यांनी विचारलं.

"मशीन हाय ना!"

"अन् टायर फाटला तं?"

मारोतरावांनी पुष्कळ विचार केला. "मंग स्टेपनी लावू."

"कोणती?"

"जे काढली ते!"

दोघांनी स्टेपनी पुन्हा होती तिथं टांगली. मलाही आधी ते बरोबरच वाटलं होतं.

* * *

शेवटी मशीन मागं भाजीच्या टोपल्यांमध्ये ठेवून पाहिलं. ही जागा सगळ्यांना पटली. पटली नाही ती फक्त भाजीला! आर्वीच्या बाजारात मेथीची जुडी नाकाशी नेऊन गिऱ्हाईक पुढं सरकायचं. सगळी मेथी पेट्रोलच्या वासासकट परत आली. टाकून देणं काही सासूबाईंच्या जिवाला मानवेना. त्यांनी ती निवडली, तीन पाण्यांनी धुतली, तव्यावर टाकायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थबकल्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हे चुलीजवळ नेऊ का नको?"

* * *

असं करता करता मशीन पुन्हा ओसरीवर आलं आणि तिकडं सुशीला सातवा सरत आला. आठव्या महिन्यात बाईला हलवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. तिच्या सासरहून निरोप आला: दसऱ्याला सकाळी या, चांगला दिवस आहे, नंतर आम्ही पाठवणार नाही. त्या घरात तिला दोनदा रिकाम्या हातांनी उठताना मी पाहिलं होतं.

आदल्या दिवशी खांडेनवमी. अवजारांची पूजा करायची, म्हणून यांनी मशीन तात्पुरतं जीपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवलं. "मापं घेऊन संध्याकाळी बसवतो कुठंतरी," म्हणाले. मी मनोभावे हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला.

संध्याकाळी हे पाना घेऊन आले, तर सासूबाई आडव्या आल्या.

"खबरदार! मांडलेली पूजा हालवायची नाई. उद्या सोनं लुटल्यावर उचलजो."

"अवं आई, उद्या सकाळी सुशीले आणायले जायचं हाय!"

"मंग जा ना. कोण नाई म्हणते?"

"अन् हे मशीन?"

"तेबी चाललं की तुमच्यासंगं! बसलंच हाय गाडीत!"

यांनी माझ्याकडं बघितलं. अक्षता माझ्याच हातच्या होत्या.

* * *

दसऱ्याला निघालो. हे गाडी चालवताहेत, शेजारच्या सीटवर माळ घातलेलं मशीन दोरीनं बांधलेलं, आणि मी नि मारोतराव मागं गादीवर. जो दिसेल तो हात जोडायचा! तळेगावात गाडी थोडी थांबली, तर एका म्हातारीनं सीटवर फुलं वाहिली.

"कोणता देव हाय बाप्पा हा?"

मारोतराव गोंधळले. हवेचं मशीन आहे हे सांगावं, तर म्हातारीनं डोळे मिटलेले. "वायुदेव," ते म्हणाले. "मारुतीचा बाप."

गाडी सुरू झाल्यावर हे मागं वळले. "मारोतराव, वडील पुढं बसले अन् तुम्ही मागं? पाया तरी पडा!"

सुशीला घेऊन परत फिरलो आणि जंगलात काट्यानं आपलं काम केलंच. ती घाबरून माझा हात धरून बसली. यांनी ठिगळ लावलं, मारोतरावांनी दोरी ओढली. मशीन धाडधाड हललं, माळ तुटली, झेंडूची फुलं चहूकडं उडाली! सुशी पोटाला हात लावून हसायला लागली.

"वहिनी, देव खोकलून राह्यला!"

तिचं हसणं मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. टायर भरला. दिवेलागणीच्या आत घरी आलो.

* * *

मार्गशीर्षात तिला कळा लागल्या. सकाळचं ऊन अंगणात आलेलं. सुईण सोनाबाई आत, मी सुशीचं डोकं मांडीवर घेऊन, सासूबाई पाणी तापवताना एकाच देवाला चारदा नवस बोलत होत्या. बराच वेळ झाला. सोनाबाईचा चेहरा उतरला. "आर्वीहून डॉक्टरीणबाईले आणा," ती म्हणाली.

हे आणि मारोतराव जीपकडं धावले. पुढचा टायर जमिनीला टेकलेला!

आणि इकडं त्याच वेळी बाळ आलं. मुलगी. पण आवाज नाही. सोनाबाईनं पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पालथी केली. काही नाही. सुशी मला विचारत होती, "वहिनी, काऊन रडत नाई? वहिनी, बोला ना!" मला महादेवाचं नावसुद्धा आठवेना.

बाहेर कुणाला काही कळलेलं नव्हतं. खिडकीलाच लागून जीप उभी. मारोतरावांनी दोरी ओढली आणि दसऱ्यापासून सीटवरच बसलेलं मशीन फटफटफट करत सुरू झालं. भिंत थरथरली, फळीवरची वाटी खाली पडली.

सोनाबाईच्या हातातली पोर दचकली. दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला!

सासूबाई पदर सावरत अंगणात धावल्या. त्या आवाजाबद्दल रागवायला आल्या असं समजून यांनी घाईघाईनं मशीन बंद केलं.

"अरे, बंद काऊन केलं? चालू कर! चालू कर!"

हे पुरते गोंधळले. दोरी ओढली, मशीन पुन्हा सुरू झालं. "आई, किती हवा भरू?"

"मले काय विचारतो? पोरगी रडून राह्यली तोवर भरत राह्य!"

"काकू," मारोतराव ओरडले, "टायर फुटन!"

"फुटू दे!"