चपलांची चौकशी

आमच्या बारक्याकडे हृदय दाखवायला माणसं नंबर लावून बसतात. दवाखान्याच्या पाटीवर त्याच्या इतक्या पदव्या आहेत की मधून नाव शोधावं लागतं. मला मात्र तो अजून बारक्याच. धाकट्या भावाला डॉक्टरसाहेब म्हणायला माझी जीभ वळत नाही.

त्याची तपासायची खरी रीत पाटीवर नाही. पेशंट समोर बसला की बारक्या त्याचा हात सहज हातात घेतो आणि विचारतो, चप्पल छान आहे, कुठून घेतलीत? माणूस खूश होऊन दुकानापासून घासाघिशीपर्यंत सगळं सांगत बसतो. तेवढ्यात बारक्याची दोन बोटं नाडी बघून घेतात, बोलताना धाप लागते का ते कान ऐकतात आणि डोळे पावलांवरची सूज शोधतात. नाडी बघतोय म्हटलं की नाडी घाबरते, असं त्याचं म्हणणं. मशिनं नंतर. हाताखाली शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरला त्याने ही खोड लावली आहे.

हृदयाच्या मागे तो लागला त्याला कारण आमचे वडील. छातीत जळजळतंय, गॅस असेल म्हणाले, सोडा पिऊन आडवे झाले आणि उठलेच नाहीत. बारक्या तेव्हा शाळेत होता. मग आधी डॉक्टरकी, मग त्याच्या पुढचं, मग हृदयाचं वेगळं. केस पिकायला लागले तरी हा परीक्षाच देत होता. गॅस असेल म्हणणाऱ्या पेशंटला तो असा झापतो, की बाहेर बसलेलेही सावरून बसतात.

आणि एके दिवशी जेवताना ताट सारून हाच म्हणाला, "गॅस झालाय जरा."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. त्याची बायको माझ्याकडे बघायला लागली. हा अगदी सहज गप्पा मारत होता, पण मी वाढायला उभी होते म्हणून मला दिसलं, मांडीवर त्याची दोन बोटं स्वतःच्याच मनगटावर होती.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. जिन्यात तो मध्येच थांबायचा आणि फोन बघायचा. फोन बंद असायचा. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की मी दाराला कान लावून उभी. तपासून घे म्हटलं की आज पेशंट आहेत, उद्या बघू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शेवटी मी सांगितलं, तपासायला नाही आलास तर तुझ्या दवाखान्यात जाऊन बसेन आणि येईल त्याला सांगेन, डॉक्टरांना गॅस झालाय. तेव्हा कुठे निघाला.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्याचाच एक जुना विद्यार्थी हृदयविभाग सांभाळतो. त्याने अँजिओग्राफी केली. आम्ही दोघी नणंद-भावजय कॉटपाशी बसलो होतो. थोड्या वेळाने तो विद्यार्थी आत आला, स्टूल ओढून बसला आणि बारक्याचा हात हातात घेतला.

"सर, चपला छान आहेत. कुठून घेतल्यात?"

कॉटखालच्या त्या चपला टाच झिजलेल्या, जुन्यापुराण्या. बारक्याने डोळे मिटले.

"चपलांचं राहू दे," तो म्हणाला. "किती बंद आहे ते सांग."

हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. ऑपरेशन आजच करावं लागेल, असं विद्यार्थी म्हणाला. हात मात्र त्याने सोडला नव्हता.

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आलं तेव्हा भावजय रडत होती आणि मी दगडासारखी उभी होते. मला भीती वाटत होती, वडिलांच्या वेळी वाटली होती तशीच. बारक्याने माझ्याकडे हात पुढे केला. धीर हवा असेल म्हणून मी तो धरला, तर त्याची दोन बोटं सरकत माझ्या मनगटावर आली.

"ताई, चपला कुठून घेतल्यास गं?"

"बाहेर आलास की सांगते," मी म्हटलं.