ताटावर ठेवलेला हात

पंगतीत वाढायला आमचा दगडूदादा असला की माणसं जरा सावध बसत. कोलशेतच्या आमच्या वस्तीत लग्न असो, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, नाहीतर बुद्ध पौर्णिमेची खीर, बादली आणि डाव दादाच्याच हातात. 'पाहिजे का?' असं त्यानं कुणाला कधी विचारलं नाही. विचारलं की माणूस नको म्हणतो, हे त्याचं शास्त्र. जेवणाऱ्यानं ताटावर हात धरला तरी दादा पुढं सरकायचा नाही. भरलेला डाव त्या हाताच्या वर धरून शांत उभा राहायचा. गरम वरणाचा एक थेंब मनगटावर पडला की हात आपोआप बाजूला व्हायचा आणि डाव ताटात रिकामा व्हायचा. मी शाळामास्तर, मला ही दांडगाई वाटायची, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही होतं.

"तुझ्यासारखे शिकलेले लाजून अर्धपोटी उठतात," तो म्हणाला होता. "त्यांच्यासाठीच उभं राहायला लागतं."

त्याच्या आधीची आईची दोन मुलं गेली, म्हणून याचं नाव दगडू ठेवलं. दगडाला काही होत नाही. सात वर्षांनी मी झालो तोवर घराला धीर आला होता, त्यामुळे मला धम्मपाल असं रीतसर नाव मिळालं. वडील कोलशेतमधल्या एका कंपनीत लोडर होते. ते गेल्यावर दादा अठराव्या वर्षी त्याच कंपनीच्या कॅन्टीनला वाढपी म्हणून लागला. तिथं वाढपी सगळ्यांच्या शेवटी जेवत. एखाद्या दिवशी पातेल्यात चौघांचं उरायचं, एखाद्या दिवशी नुसता रस्सा. समोर आलं की तुडुंब भरून घ्यायचं, ही सवय त्याला तिथली. पुढं कंपनी बंद पडली, तिथं टॉवर उभे राहिले आणि दादा बाळकुमच्या एका सोसायटीत हाऊसकीपिंगचा सुपरवायझर झाला. सवय मात्र कॅन्टीनचीच राहिली. तीन भाकऱ्या, त्यावर भाताचा ढीग, आणि ड्युटी सुटल्यावर गेटजवळच्या गाडीवरचे दोन वडापाव, जे तो जेवणात धरतच नसे.

माझ्या किडन्या गेल्या तेव्हा मी पन्नाशीचा होतो. प्रेशरच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं मनाला येईल तशा घेतल्या; दुसऱ्यांच्या वह्यांत चुका काढणाऱ्याची ही चूक. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. माझी बायको स्वप्ना किडनी द्यायला पहिली पुढं झाली, पण तिला साखर निघाली. मग दादा घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात येऊन डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसला.

"माझी घ्या. धाकट्याला दुसरं कोण देणार?"

तपासण्या जुळल्या. डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं छान आहे, पण वजन ब्याण्णव. तुमच्या उंचीला ते ऐंशीच्या आत यायला हवं. नाहीतर ऑपरेशनचा धोका तुम्हाला, आणि मागं राहणाऱ्या एका किडनीवर आयुष्यभर ताण. सहा महिने घ्या. पण फार उशीर नको, डायलिसिसवरचा एकेक महिना यांना जड जाणार आहे."

दादानं यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं जेवणच सोडलं. सकाळी लिंबाचं गरम पाणी, दुपारी एक सफरचंद, संध्याकाळी काकडी. शीलावहिनींचा मला फोन आला, "भावजी, ह्यांनी हे काय खूळ घेतलंय? भाकरीकडं बघत पण नाहीत." मी समजावलं, त्यानं ऐकलं नाही. एकोणीस दिवसांत सहा किलो उतरले. पँटीत बोट घालून तो मला दाखवत होता, चेहरा पांढराफटक. विसाव्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून देताना तो खाली कोसळला.

हॉस्पिटलात त्याच्या कॉटशेजारी आहारतज्ज्ञ कादंबरी मॅडम येऊन उभ्या राहिल्या. वयानं लहान, पण बोलणं सरळ. "काका, चरबी थोडीच गेलीय. गेलंय ते पाणी आणि अंगातली ताकद. उपाशी राहून आजारी पडलेल्या माणसाची किडनी आम्ही घेत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा जेवला नाही म्हणून दादाला कुणी नापास केलं होतं.

"रोज काय खाता?" मॅडमनी विचारलं.

"साधंच. भाजी-भाकरी."

"किती, ते पण सांगा," मागून वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांनीच सगळं सांगितलं, वडापावासकट.

मला वाटलं होतं आता पाच पानांची यादी मिळेल, त्यात आम्ही कधी नावंही न ऐकलेल्या बिया असतील. तसं काही झालं नाही. ज्वारीची भाकरी सुटली नाही, फक्त तिनाची दीड झाली. तीही आधी नाही. आधी कोशिंबीर आणि वाटीभर उसळ, मग भाजीबरोबर भाकरी. भात दुपारी एकदाच, तोही डावानं नाही, आमटीच्या लहान वाटीनं. अंडी चालतील, बोंबील चालतील, पण रश्शातले, तळून नाहीत. वहिनींनी तेलाच्या बाटलीवर पेनानं चार रेघा मारल्या, आठवड्याला एक. वडापावाच्या जागी भाजलेले चणे आणि ताक. रोज चाळीस मिनिटं चालणं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर खूप झालं, त्याहून जास्त नको.

"आणि एक," मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं नाही. दुपारी साडेबारा म्हणजे साडेबारा. भूक साठवून ठेवली की ती दुपटीनं वसूल करते."

हेच त्याला सगळ्यात अवघड गेलं. चार माणसं ताटकळलेली असताना आपण आधी ताटावर बसायचं, याची त्याला लाज वाटे. पहिले काही दिवस तो सोसायटीच्या मीटर रूममध्ये दाराकडं पाठ करून जेवायचा, चोरी केल्यासारखा.

दर रविवारी सकाळी त्याच्या घरी आम्ही दोघं काट्यावर उभे राहायचो. माझंही वजन बघावं लागे, कारण डायलिसिसच्या दोन पाळ्यांमध्ये अंगात पाणी साठतं आणि जास्त साठलं की श्वास लागतो. मला दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्याची मुभा, त्याला दीड भाकरीची. मी पेल्याकडं बघायचो, तो टोपल्याकडं. वहिनी म्हणायच्या, दोन भाऊ तोलायला वाणी बसवायला पाहिजे. सत्त्याऐंशी, साडेशहाऐंशी, शहाऐंशी असा काटा सरकत होता. दादाची धाप कमी झाली. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायचा तो थांबेनासा झाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटायचं.

मार्चमध्ये कल्याणला चांगदेवच्या मुलीचं लग्न होतं. चांगदेव दादाचा कॅन्टीनमधला जुना सोबती. दादानं त्याला आजवर पन्नासेक पंगतींत त्याचा हात न मानता वाढलेलं. या वेळी मात्र दादा पाहुणा, वेळेवर पंगतीत बसलेला, आणि जिलबीचं ताट चांगदेवच्या हातात. एक जिलबी झाल्यावर दादानं ताटावर हात धरला.

"हात काढ," चांगदेव म्हणाला.

"झालं रे माझं. खरंच."

"तू माझा कधी मानलास? काढ."

सगळी पंगत हसली. खरं कारण सांगितलं असतं तर चांगदेव त्याच क्षणी मागं झाला असता. पण दादानं माझ्या आजाराचं कुणाला कळू दिलं नव्हतं. वस्तीनं मला बिचारा म्हटलेलं त्याला चालणार नव्हतं. त्यानं हात काढला. तीन जिलब्या, मग पुऱ्या, मग भात. त्या रविवारी काटा नऊशे ग्रॅम वर गेला.

दादा काट्यावरून उतरून खाटेवर बसला. मग म्हणाला, "धम्मा, माझं पोट खरंच भरलेलं रे. मी लाजत नव्हतो."

"माहीत आहे."

"मग इतकी वर्षं ते सगळे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं वीस वर्षांपासून तयार होतं. ते मी दिलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते मला ओळखणारे सांगतील.

बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर होती. दादानं साडेबाराला डबा खाल्ला, हात धुतले आणि नेहमीसारखी बादली उचलली. पण पहिल्याच रांगेत कुणी तरी ताटावर हात धरला, तर दादा 'बरं' म्हणून पुढं गेला. दुसऱ्याचाही मानला. रांगेच्या शेवटच्या म्हातारीनं सवयीनं हात धरला आणि दादा पुढं गेलेला बघून तिचं तोंड उतरलं. "दगडू, माझ्यावर रागावलास का रे?" दादा परत आला, वाकून तिला म्हणाला, "मावशे, पाहिजे असंल तर सांग." तिनं मान डोलावली. त्यानं वाढलं. मी भिंतीला टेकून बघत होतो. माझा भाऊ सत्तावन्नाव्या वर्षी नवीन काही शिकताना मी बघितला, आणि मला त्याचा अभिमान वाटला. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर काटा अडला. एक्क्याऐंशी. पाच रविवार एक्क्याऐंशी. दादा सगळं पाळत होता, तरी काटा हलत नव्हता. माझी मात्र तब्येत खाली चालली होती. डायलिसिससाठी हाताची जोडलेली नस बंद पडली, मानेतून नळी घालावी लागली, दोनदा धाप लागून रात्र हॉस्पिटलात काढली. डॉक्टर आता महिन्यांऐवजी आठवड्यांत बोलू लागले. आणि मी दादाकडं बघत होतो. गालाची कातडी सैल पडलेली, शर्ट अंगावर लोंबणारा. या माणसाचं एकच सुख होतं, पोटभर जेवणं आणि जेवू घालणं. तेही माझ्यापायी गेलं, असं मनानं घेतलं. उद्या त्याला ऑपरेशनमध्ये काही झालं तर मी वहिनींना तोंड कसं दाखवू?

जूनमध्ये एका दुपारी, डायलिसिसच्या कॉटवर पडल्या पडल्या मी त्याला सांगून टाकलं. "दादा, पुरे झालं. मला तुझी किडनी नको. हॉस्पिटलच्या वेटिंगच्या यादीत नाव लावलंय, मिळेल तेव्हा मिळेल. तू नीट जेव."

त्यानं घड्याळ बघितलं. साडेबारा. स्टुलावर बसून डबा उघडला. आधी काकडी, मग मटकी, मग भाकरीचा तुकडा, एकेक घास चावून चावून. मला वाटलं ऐकलंच नाही. डबा संपला, झाकण लागलं.

"आता मी सगळ्यांचे हात मानतो," तो म्हणाला. "तुझा नाही मानणार."

"का? मी काय घोडं मारलंय?"

"तुझं पोट भरलेलं नाही. तू लाजून उठतोयस."

मला रडू आलं. यंत्राला जोडलेल्या माणसाला तोंड फिरवूनही रडता येत नाही, नळी ओढली जाते. दादानं रुमाल काढून माझं तोंड पुसलं, लहानपणी शाळेच्या फाटकावर पुसायचा तसं, जरा खरखरीतच.

अडलेल्या काट्याचं कारण कादंबरी मॅडमनी दहा मिनिटांत शोधलं. "दिवसभरात चहा किती?"

"तो कोण जेवणात धरतं?" दादा म्हणाला, आणि म्हणताना स्वतःच थांबला. सोसायटीतल्या घराघरांतून त्याला चहा येई. पूर्वी दोन कप व्हायचे. त्याचं रोडावलेलं तोंड बघून बायका कळवळल्या आणि ते सहा-सात झाले होते, प्रत्येकी दोन चमचे साखरेचे. तो दुसऱ्या दिवसापासून बिनसाखरेच्या दोन कपांवर आला. त्या बायकांना नाही म्हणताना तो कपावर हात धरायचा आणि त्या मानायच्या. जुलैच्या तिसऱ्या रविवारी काटा एकोणऐंशी सहाशेवर थांबला. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं.

सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, चांगल्या आल्या. शेवटी राहिली हॉस्पिटलची समिती. लांब टेबलामागं तिघं बसलेले. दोघं भाऊ खरे आहोत ना, राजीखुशीनं चाललंय ना, याची खात्री त्यांना करायची असते. मधल्या साहेबांनी दादाला विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? घरच्यांनी कुणी आग्रह केला?"

दादानं नीट विचार केला. "साहेब, आमच्यात आग्रह मीच करतो. माझ्यावर कुणी केला तर वजन वाढतं."

साहेब हसले, काहीतरी लिहिलं आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमची संमती. वाचा आणि सही करा."

मी वाचला. दोन ओळींत सगळं होतं. पेन उजव्या हातात होतं, आणि डावा पंजा त्या कागदावर पालथा पडला होता, बरोबर सहीच्या जागेवर. मी तो मुद्दाम ठेवला नव्हता. वर बघितलं तर दादाची नजर त्या हातावर. तो पुढं झुकला नाही. पंगतीत उभा राहायचा तसाच नुसता थांबला होता, आणि मला ठाऊक होतं की तो पुढं सरकणार नाही.

मी हात काढला आणि सही केली.

दादानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि पायाजवळची डब्याची पिशवी उचलली. "चल धम्मा," तो म्हणाला, "साडेबारा वाजत आले."